काळूची पिशवी

“इथं होती. ह्या खणात. माझ्या हातानं ठेवली होती मी.” चेतनने गाडीच्या उघड्या दारातून आत बोट रोखलं. “आणि आता नाही. ह्याचा अर्थ काय समजायचा मी, तुम्हीच सांगा काका.”

भास्करने चष्मा वर सरकवला आणि वाकून आत पाहिलं. गिअरच्या पुढच्या उथळ खणात टोलच्या दोन पावत्या होत्या, बडीशेपेची चुरगळलेली पुडी होती. अंगठी नव्हती.

“चुकलं भाऊ आमचं. बघायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “तुम्ही आधी बसा. पाणी घ्या. सापडते आत्ता.”

हे तो विचार करून बोलला नव्हता. अरविंदभाईंच्या गॅरेजच्या काउंटरवर त्याला चौदा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्याची जीभ अशी वळली होती, की समोरच्याचा आवाज चढला की आधी ‘चुकलं’ बाहेर पडायचं, आणि काय चुकलं ते मागाहून बघितलं जायचं. त्याआधीची बारा वर्षं त्याने सेलवासजवळच्या राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा तो अडतिसाचा होता, पारोळ्याला परत जाण्यासारखं मागे काही उरलं नव्हतं, आणि हातात कसली कारागिरीही नव्हती. अरविंदभाईंनी त्याला फोन उचलायला ठेवून घेतलं. महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की ह्या माणसाला शिव्या लागत नाहीत.

गाडी मिळायला अर्धा तास उशीर झाला म्हणून चावी तोंडावर फेकणारी बाई त्याने पाहिली होती. गॅरेजच्या आत येऊन सलग पाच मिनिटं हॉर्न दाबून धरणारा इंजिनिअर पाहिला होता. ‘तुम्ही लोक’ असंच प्रत्येक वाक्य सुरू करणारे एक मास्तर दर सहा महिन्यांनी येत. भास्कर सगळ्यांना खुर्ची देई, पाणी देई, आणि त्यांचा आवाज खाली येईपर्यंत मान हलवत उभा राही. “मिस्त्री तो मळी जाय,” अरविंदभाई लोकांना कौतुकाने सांगत, “पण आवो माणस नथी मळतो.” मिस्त्री कुठेही मिळतो, असा माणूस मिळत नाही. ते ऐकून भास्करला बरं वाटे.

पण चेतन खुर्चीवर बसला नाही. पाण्याचा ग्लासही त्याने घेतला नाही.

“माझ्या बापाची अंगठी आहे ती,” तो म्हणाला. “मरताना त्यांच्या बोटातून काढलेली. सकाळपासून बोट सुजलंय म्हणून काढून ठेवली. सोन्याचं मला सांगू नका, सोनं मी दुसरं घेईन.”

चेतन देसले पस्तिशीचा होता. खानदेशातून माणसं आणून इथल्या कारखान्यांना पुरवायचा ठेका होता त्याचा. माणसांची ने-आण करायला तीन पिकअप गाड्या होत्या, त्याही इथंच दुरुस्तीला येत. ही पांढरी मोटार त्याची स्वतःची. पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं आवाज येतो म्हणून सकाळी सोडून गेला होता. आता दुपारचे तीन वाजत होते आणि चाकातला आवाज गेला होता.

तो घालवला होता काळूने.

काळू जवळच्याच खेरडी गावचा, चाळिशीच्या आतबाहेरचा, अंगाने काटक. अरविंदभाईंकडे दहा वर्षं होता. गाडी दारातून आत येताना तो हातातलं काम थांबवून नुसता ऐकायचा, आणि बॉनेट उघडायच्या आधीच काय बिघडलंय ते सांगायचा. बोलायचा फार कमी. वारली माणसाच्या सवयीने लहानथोर सगळ्यांना ‘तू’ म्हणायचा, त्यामुळे अरविंदभाईंनी त्याला ग्राहकांसमोर यायला मनाई केली होती. काळूने केलेल्या कामाबद्दल ग्राहकांशी भास्कर बोले. कामात काही राहिलं तर त्याची माफीही भास्करच मागे.

आता काळू गाडीच्या पलीकडे कापसाच्या बोळ्याने बोटं पुसत उभा होता.

“कुणी केलं काम?” चेतनने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता काळूकडे पाहिलं. “ह्यानं?”

“हो, पण तो आमचा जुना...”

“गाडीत आत कोण कोण बसलं होतं?”

“चाक बघायला गाडी चालवून बघावी लागते, भाऊ. तोच बसला होता. दुसरं कुणी नाही.”

बोलून गेल्यावर भास्करला कळलं, आपण काय सांगून बसलो ते.

दोन मिस्त्री टॉर्च घेऊन आले. पायातलं रबरी पायपुसणं काढून झटकलं. दाराचे कप्पे बघितले. सीटच्या बाजूच्या फटीत बोटं घालून पाहिली. काही नाही. तेव्हा काळू तिथूनच म्हणाला, “सीट काढून बघू. वस्तू सरकून मागं जाते. मला दहा मिनटं लागतील.”

तो एक पाऊल पुढे आला तसा चेतन ओरडला, “तू तिथंच थांब! गाडीला हात लावायचा नाही. अजून काय काय काढायचंय तुला?”

काळू थांबला. गॅरेजमध्ये बाकीच्यांची कामंही थांबली होती. हवा भरायचं यंत्र तेवढं कोपऱ्यात धडधडत होतं.

चेतनने भास्करच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतलं. आवाज एकदम खाली आला, गावाकडचा झाला.

“काका, तुम्ही पारोळ्याचे ना? मी अमळनेरचा. आपन एका बाजूचे लोक. मी तुम्हाला काही बोलून राह्यलो का? नाही ना? पन ह्या लोकांचं तुम्ही मला नका सांगू. माझ्याकडे रोज पन्नास येतात. संध्याकाळी दारूच्या दुकानात जाईल माझ्या बापाची अंगठी. बाहेरच्या मानसासाठी तुम्ही आपल्या मानसाला खोटं पाडनार?”

बाहेरचा! काळूचं घर खेरडीत कधीपासून होतं ते काळूलाही ठाऊक नसेल. बाहेरून आलेले असलेच तर हे दोघे होते, एकजण अमळनेरचा आणि एकजण पारोळ्याचा. हे भास्करच्या मनात आलं. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

“नाही हो भाऊ. खोटं कशाला पाडीन? तुमचं खरंच आहे.”

“मग त्याची झडती घ्या. नाहीतर मी पोलिसांना बोलावतो. ते त्यांच्या पद्धतीनं विचारतील.” त्याने खिशातून मोबाइल काढला.

केबिनच्या खिडकीची काच सरकली. अरविंदभाईंनी बाहेर डोकं काढलं. त्यांच्या डोळ्यांपुढे चेतनच्या तीन पिकअप होत्या, आणि फोन अजून लागलाही नव्हता तरी गॅरेजच्या दारात पोलिसांची गाडी उभी दिसू लागली होती. “भास्करभाई,” ते म्हणाले, “पतावी दो ने. जे करायचं ते करून मिटवा.”

भास्कर काळूजवळ गेला. हे अंतर दहा पावलांचं होतं. तेवढ्यात त्याने स्वतःला समजावलं की पिशवी दाखवली की विषय संपेल, त्यात काळूचंच भलं आहे, आणि पोलीस आले तर फार वाईट होईल.

“काळू, तुझी पिशवी आण बरं जरा.”

काळूने त्याच्याकडे पाहिलं. “तुला बघायचीय?”

“मला नाही रे. मला काय माहीत नाही का तू? त्यांचं मन शांत होईल. एक मिनिटाचं काम.”

“सीट काढतो बोललो मी.”

“ते नको म्हणतायत ना पण. ऐक माझं.”

काळू मागच्या भिंतीकडे गेला, खिळ्याला अडकवलेली पिशवी काढली आणि आणून काउंटरवर ठेवली. खताच्या गोणीची घरी शिवलेली पिशवी होती. त्याने ती उघडली नाही. “तूच बघ,” म्हणाला.

भास्करने एकेक वस्तू बाहेर काढली. ॲल्युमिनियमचा डबा होता. चेतन म्हणाला, “डबा उघडा.” भास्करने उघडला. नागलीची अर्धी भाकर आणि तळाशी सुकटीचा चुरा. एक पंचा. त्यात गुंडाळलेली गोळ्यांची पाकिटं, आईच्या दम्याची. भास्करनेच त्याला मागे त्या औषधाचं नाव कागदावर लिहून दिलं होतं. एक स्त्रियांचा कंगवा, नवा, कागदाच्या पट्टीसकट. आणि अगदी खाली, फडक्यात बांधलेलं, एक जुनं गुळगुळीत झालेलं बेअरिंग.

“हे काय?” चेतनने ते उचललं. “हे कुठलं? बघा! आणि म्हणे जुना माणूस.”

“भंगारातलं आहे ते,” भास्कर म्हणाला. “फेकायचंच असतं. मिस्त्री नेतात पोरांना खेळायला.” पण हे त्याने इतक्या हळू आवाजात सांगितलं की ते चेतनला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. बाकीच्या मिस्त्रींना नक्की गेलं नाही.

“खिसे?”

काळूने स्वतःच खिसे उलटे केले. पँटच्या दोन्ही बाजूंना पांढरं अस्तर लोंबू लागलं. एका खिशातून विडीचं बंडल पडलं.

“बूट काढायला सांगा.”

भास्करने ते सांगितलं नाही. पण ‘नको’ असंही म्हटलं नाही. तो चष्म्याची काडी कानामागे नीट करत राहिला. काळू क्षणभर त्याच्याकडे बघत थांबला, मग खाली बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट उपडे करून जमिनीवर आपटले. त्यातून थोडी माती पडली.

आता पुढे काय मागावं ते चेतनला सुचत नव्हतं.

काळू उठला. बूट तिथेच राहिले. उलटे खिसे त्याने आत घातले नाहीत. अनवाणी चालत तो हत्यारांच्या फळीपाशी गेला, पाना आणि टॉर्च घेतली, आणि सरळ गाडीच्या दाराशी जाऊन गुडघ्यांवर बसला. ह्या वेळी त्याला कुणी अडवलं नाही.

“भास्करभाई, इकडं ये.”

भास्कर गेला.

“आधी हे बघ. मग मी खोलतो.” काळूने टॉर्चचा उजेड सीटखाली टाकला. सीट जमिनीला धरून ठेवणारा जाड बोल्ट होता. कारखान्यातून गाडी निघताना मारतात ती पिवळ्या रंगाची रेघ बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर सलग गेली होती. मधे कुठे तुटली नव्हती. “बघितलास? चारी बोल्ट बघ.”

भास्करने गुडघे टेकले आणि चारही बोल्ट बघितले. चारही रेघा जशाच्या तशा होत्या, त्यांच्यावर धूळ बसली होती.

मग काळूने पाना लावला. पहिला बोल्ट सुटताना असा करकरला की दारात उभ्या चेतनने मान फिरवली. चारही निघाल्यावर काळूने सीटखालच्या वायरीची जोडणी सोडवली, सीट मागे कलती केली आणि खांद्याने तोलून धरली. आत वर्षानुवर्षांचा कचरा होता. शेंगांची फोलपटं, एक पेन, लहान मुलाचा मोजा. आणि सीट ज्या लोखंडी पट्टीवरून मागेपुढे सरकते तिच्या पलीकडे, गालिचा दुमडला होता तिथल्या खाचेत, पिवळं काहीतरी चमकलं.

“हाय तिथं,” काळू म्हणाला. “तूच काढ. मी नाय हात लावत.”

भास्करने हात घातला. अंगठी जड होती, जुन्या घडणीची, आतून झिजून पातळ झालेली. त्याने ती चेतनच्या तळहातावर ठेवली.

चेतनने ती कपाळाला लावली. डोळे मिटले. क्षणभर तिथे ठेकेदार नव्हता, बाप गेलेला एक मुलगा होता. भास्करला हायसं वाटलं. संपलं एकदाचं, आता चहा मागवावा, असा विचार करून तो उठूही लागला.

“बघितलं काका?” चेतनने डोळे पुसले. “दम दिला तेव्हा निघाली. टाकली असेल ह्यानंच आत. नंतर काढून न्यायला.”

एरवी भास्कर ‘हो भाऊ’ म्हणाला असता. ते शब्द त्याच्या जिभेवर येऊनही बसले होते. तेवढं म्हटलं असतं तर चेतन हसला असता, चहा प्याला असता, तीन पिकअप पुढच्या महिन्यात आल्या असत्या. काळू सीटचा भार खांद्यावर घेऊन तसाच वाकलेला होता. त्याने वर पाहिलं नाही. भास्कर काय बोलणार ह्याची त्याला बहुधा खात्रीच असावी.

“नाही,” भास्कर म्हणाला.

“काय नाही?”

“त्यानं टाकली नाही.” भास्करला स्वतःचाच आवाज ओळखू येत नव्हता. “बोल्टांच्या रेघा मी बघितल्यात. ही सीट आजपर्यंत निघालेली नाही. आणि सीट काढल्याशिवाय हात जात नाही तिथं चोर कशाला वस्तू ठेवेल? तुम्ही कुठंतरी गाडी जोरात पुढं काढली असेल, ती खणातून मागं सरकून फटीत गेली. तुम्ही आल्यापासून तो गाडीपासून लांब उभा होता. तुम्हीच उभा केला होता.”

“म्हणजे मी खोटं बोलून राह्यलो?”

“तुम्ही खोटं बोलत नाही. तुमची चूक झाली. माझीही झाली.” भास्करने हात खिशात घातला. खिशात गाडीची चावी होती. “तुम्ही ह्याला चोर म्हणालात ते सगळ्यांनी ऐकलंय. आता चोर नाही म्हणा, तेही सगळ्यांना ऐकू द्या. आणि मग गाडी घेऊन जा.”

“नाहीतर?” चेतन एक पाऊल जवळ आला. त्याच्या श्वासाला बडीशेपेचा वास होता. “चावी देनार नाही? माझ्या गाडीची?”

भास्करने चावी मुठीत घट्ट धरली होती. दोघांत हातभराचं अंतर होतं. एक मिस्त्री उगाच दोन पावलं पुढे सरकला. आपल्याला मार बसणार, असं भास्करला वाटलं, आणि त्याबरोबर हेही जाणवलं की मघापेक्षा आत्ता भीती कमी आहे.

“भास्करभाई! चावी आपी दो!” अरविंदभाई केबिनमधून बाहेर आले होते. “चेतनभाई, मनावर घेऊ नका. वय झालंय त्यांचं.”

“दे त्याला चावी.” हे काळू म्हणाला. सगळे तिकडे वळले. त्याने सीट जागेवर बसवली होती आणि पहिला बोल्ट हाताने फिरवत होता. “दे अन् बाजूला हो. मला उजेड येत नाय.”

भास्कर बाजूला झाला.

काळूने चारही बोल्ट बसवले, एकेक करून पान्याने आवळले. वायर जोडली. सीट पुढे सरकवली, मागे सरकवली, पाठ कलती करून पाहिली. रबरी पायपुसणं अंथरून त्यावरचा स्वतःच्या गुडघ्याचा ठसा फडक्याने पुसला. ह्या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागली. तेवढा वेळ चेतनला तिथेच उभं राहावं लागलं. मग तो गाडीत बसला, भास्करने पुढे केलेली चावी न बघता ओढून घेतली, आणि ‘चोर नाही’ हे न म्हणताच निघून गेला. राखोलीच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा तिच्या चाकातून कसलाही आवाज येत नव्हता.

काळूने बूट घातले. काउंटरवरच्या वस्तू पिशवीत भरल्या. डबा, पंचा, गोळ्या, कंगवा. बेअरिंग भरलं नाही. ते त्याने भास्करसमोर सरकवलं.

“अरे, घे ना ते.”

“नको.”

“काळू, मी बोललो ना त्याला. सगळ्यांसमोर बोललो.”

“हां, बोललास.” काळूच्या स्वरात राग नव्हता. “पण पिशवी आधी रिकामी केलीस.”

नळावर जाऊन त्याने साबणाच्या चुऱ्याने कोपरापर्यंत हात धुतले. चार वाजले होते, सुटायला अजून अडीच तास होते. तो पिशवी खांद्याला अडकवून गेटमधून बाहेर पडला.

संध्याकाळी टोकरखाड्याच्या घरी भास्करने बायकोला, उषाला, सगळं सांगितलं. सांगताना ‘नाही’ म्हटलं ते आधी सांगितलं, चावी मुठीत धरली ते सांगितलं. उषा भाजी निवडत ऐकत होती. “आणि झडती का घेतलीत?” तिने विचारलं.

“तो पोलीस बोलावत होता. म्हटलं, शांत होईल.”

“झाला?”

भास्करने एक जुडी ओढून घेतली आणि तोही भाजी निवडू लागला.

“काय काय होतं त्याच्या पिशवीत?” तिने पुन्हा विचारलं. तो सांगू लागला. कंगव्यापाशी आला तेव्हा उषाचा हात थांबला. ती म्हणाली, “तो त्याच्या बायकोनंसुद्धा अजून बघितला नसेल.”

दुसऱ्या दिवशी काळू आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अरविंदभाईंनी फोन केला तर तो बंद होता. चेतनच्या पिकअप दुसऱ्या गॅरेजला गेल्याचं कळलं. त्यावरून अरविंदभाई दोन दिवस भास्करशी तुटक वागले आणि मग विसरले. पण शुक्रवारी एक गाडी कुठूनसा टकटक आवाज करत आली. तीन मिस्त्रींनी दिवसभर ती उघडली आणि बंद केली. आवाज कुठून येतोय ते कुणाला सापडेना. गाडीचा मालक काउंटरवर हात आपटून ओरडत होता. भास्करने खुर्ची दिली, पाणी दिलं, मान हलवली. त्या माणसाचे ओठ हलताना दिसत होते, पण तो काय म्हणतोय ते पहिल्यांदाच भास्करच्या कानात शिरत नव्हतं.

रविवारी सकाळी तो स्कूटर घेऊन खेरडीला गेला. वाटेत तो वाक्य जुळवत होता. आयुष्यात इतक्यांदा माफी मागितली, पण जुळवावी कधी लागली नव्हती. ‘काळू, माझं चुकलं’ हे फार लहान वाटत होतं. ‘मी तुझी झडती घ्यायला नको होती’ हे बरं होतं. पण पुढे ‘मी घाबरलो’ हे म्हणायचं की नाही, ते दमणगंगेचा पूल ओलांडला तरी ठरलं नव्हतं.

भाताची कापणी होऊन गेली होती. खेरडीत घरोघरच्या खळ्यांवर झोडणी चालली होती. काळू आपल्या अंगणापुढच्या खळ्यावर लाकडी फळीवर पेंढी आपटत होता. भास्करला बघून त्याने हातातली पेंढी झोडून पुरी केली, मग म्हणाला, “ये. बस.” सावलीतली बाज दाखवली. त्याची बायको मंजुळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. केस घट्ट विंचरून बांधलेले, अंगावर भाताची कुसळं.

“बरा झाला तू आलास,” ती म्हणाली. “मी ह्याला रोज विचारते, हा काय सांगत नाय. बोलतो, गॅरेजात काम कमी झाला. दहा वरसं काम होता, अन् एका दिसात कमी कसा झाला? तू तर तिथंच बसतोस. तू सांग.”

भास्करने काळूकडे पाहिलं. काळू नवी पेंढी उचलायला वाकला होता आणि वाकलेलाच राहिला होता. त्याची नजर भास्करवर होती. ती नजर कसली विनवणी करत नव्हती. ती फक्त वाट बघत होती.

“खरं आहे वहिनी,” भास्कर म्हणाला. “गाड्याच येत नाहीत हल्ली. त्याची काही चूक नाही.”

“चूक कोण बोलला?” मंजुळाबाईने चटकन विचारलं.

“नाही, नाही. कुणी नाही.” भास्करने तांब्या तोंडाला लावला. “मी म्हणतो, त्याच्यासारखा मिस्त्री सेलवासात दुसरा नाही. आमच्याकडे परवा एक गाडी आली, तिघांना मिळून आवाज सापडला नाही. तेच सांगायला आलो होतो.”

ती एकदा नवऱ्याकडे आणि एकदा पाहुण्याकडे बघत राहिली. पुरतं पटलं नसावं. “च्या ठेवते,” म्हणाली आणि आत गेली. दाराच्या आत, हाकेच्या अंतरावर, चुलीजवळ बसली. तिथून तिला सगळं ऐकू येत होतं.

“काळू,” भास्करने आवाज खाली आणला, “मी खरं म्हणजे...”

“ठाव हाय.” काळू तितक्याच हळू म्हणाला. “तू रस्त्यावर दिसलास तेव्हाच समजलो. नको बोलू.”

“एवढं तरी...”

“तिला माहीत नाय ना. आईला बी माहीत नाय. बोललास तर माहीत होल.” आणि त्याने पेंढी फळीवर आपटली. दाणे उडाले, एक-दोन भास्करच्या पायाशी आले.

भास्करने पायाशी आलेले दाणे वेचून खळ्यावर टाकले. जुळवून आणलेलं सगळं छातीत तसंच राहिलं. मंजुळाबाईने कोरा, गुळाचा चहा आणून दिला. तो त्याने सावकाश प्यायला. भात कसं उतरलं ते विचारलं. रानडुकरांनी कडेची दोन खाचरं खाल्ल्याचं तिने सांगितलं. काळू मधे एकदाच बोलला, की गावात पाण्याचे पंप आहेत, मोटारसायकली आहेत, काम मिळतं. “परत नाय यायचा मी,” असं त्याने म्हटलं नाही, आणि भास्करनेही विचारलं नाही.

निघताना भास्करला स्कूटर वळवता येईना. अंगणातून रस्त्याला जाणारी वाट अरुंद होती. एका बाजूला पेंढ्याची उडवी, दुसऱ्या बाजूला कुडाची भिंत. त्याने दोनदा मागेपुढे केली, मग तो तिथेच अडकून उभा राहिला. काळूने पेंढी खाली ठेवली. जवळ येऊन त्याने मागच्या बाजूने स्कूटर उचलली, जागच्या जागी फिरवली आणि तिचं तोंड रस्त्याकडे केलं. मग पुढे येऊन, भास्कर नीट बसेपर्यंत, दोन्ही हातांनी हँडल सरळ धरून तो उभा राहिला.